ऐंशीची पट्टी

पत्रा कापायचं नवं मशीन कारखान्यात आलं आणि थोरलीची झोप उडाली. बावीस वर्षं ती पत्र्यावर हाताने रेघा आखत आली होती. या मशीनला मेल्याला रेघ नको, रेघेचं समीकरण हवं! जमलं तर मशीनवरची मुख्य जागा, नाहीतर गोदामात झाडू. मालकाने तसं तोंडावरच सांगितलं होतं.

काम म्हटलं तर सोपं. जुनी तिरपी रेघ होती: वाय बरोबर पाऊण एक्स अधिक दोनशे. तिला समांतर दुसरी काढायची, वरच्या अंगाला, मध्ये ऐंशी मिलिमीटर रुंदीची पट्टी सुटेल अशी. समांतर म्हणजे चढ तोच, तेव्हा पाऊण एक्सला हात लावायचा नाही. बदलायचा तो शेवटचा आकडा. थोरलीने दोनशेत ऐंशी मिळवले आणि दोनशे ऐंशी लिहून मोकळी झाली. जन्मभर मोजपट्टी धरलेल्या हाताला दुसरं सुचणार तरी काय?

तरी धाकधूक होतीच. धाकट्या बहिणीला तिनेच मालकाच्या हातापाया पडून इथे चिकटवलं होतं. शिकलेली पोर. तिच्यापुढे कागद धरून म्हणाली, "बघ गं जरा, चुकलं तर नाही ना?"

धाकटीने कागद चांगला निरखून पाहिला. "तू चुकशील होय, ताई?" म्हणाली आणि गोड हसली.

दुपारपर्यंत चाळीस पत्रे कापून झाले. एकूणएक पट्टी चौसष्टची. सगळा माल भंगारात! मालकाचा पारा चढला. थोरली पुन्हा पुन्हा पट्टीवर मोजपट्टी लावून बघत राहिली. तेवढ्यात धाकटी पुढे झाली.

"साहेब, शेवटचा आकडा रेघेला सरळ उभ्यात सरकवतो. पट्टीची रुंदी मोजायची रेघेशी काटकोनात. या चढाला उभ्यातले ऐंशी काटकोनात चौसष्टच भरतात; ऐंशीची पट्टी हवी तर शंभर मिळवायला लागतात. तीनशे लिहा."

कागद नाही, पेन्सिल नाही, सगळं एका दमात. थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मालकाने मशीनची किल्ली धाकटीच्या हातावर ठेवली.

गोदामाच्या दाराशी थोरलीने तिला गाठलं. "सकाळीच कळलं होतं ना तुला?"

"कळलं होतं." धाकटीने नजरसुद्धा चुकवली नाही. "बोलले असते तर जागा तुला मिळाली असती. आणि मी जन्मभर कोण? तू चिकटवलेली."

संध्याकाळी बसमध्ये धाकटीने शेजारची जागा धरून ठेवली होती. "ये ना ताई, बैस."

घर अर्ध्या तासावर होतं. थोरली दांडा धरून उभीच राहिली.