जीपच्या पुढे बांधलेला जिव्या

मित्रांनो, मी एक जुनं कापडी माकड आहे. रंगाने लाल. हो, लालच! लाल माकड कधी पाहिलं नसेल, तर हसून घ्या. मला सवय आहे. सध्या माझा मुक्काम तलासरीला, तुक्याच्या पंक्चरच्या दुकानात, फाटक्या ट्यूबांच्या ढिगावर आहे. तुक्या ग्रीसचे हात माझ्या अंगाला पुसतो. त्याचा मला राग नाही. त्याने मला 'आपलं' असं कधी म्हटलंच नव्हतं. माझा राग दुसऱ्याच माणसावर आहे, आणि तो का, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो नाही. मला बायजीने शिवलं. बायजी कासा गावाजवळच्या एका पाड्यावर राहायची. चिकू उतरवायच्या कामासाठी ती बोर्डीच्या वाडीत जायची, आणि काम असेपर्यंत तिथेच राहायची. तिचा एकुलता एक मुलगा रूपेश तेव्हा पहिलीत जाणार होता. घरात त्याला बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्याला आश्रमशाळेत ठेवायचं ठरलं. पोराने रडून रडून घर डोक्यावर घेतलं. बायजी रडली नाही. तिने गाठोड्यातून आपलं लाल लुगडं काढलं, चांगलं धडधाकट होतं ते, आणि त्यावर सरळ कात्री चालवली.

माझ्या अंगात तिने सावरीचा कापूस भरला. तो तिने उन्हाळ्यात डोंगरातून वेचून आणला होता, स्वतःच्या उशीसाठी. उशी राहिली ती राहिलीच. माझी शेपटी लुगड्याच्या काठाची आहे. डोळे चिकूच्या बियांचे. काळ्याभोर, चकचकीत बिया निवडून, तापलेल्या सुईने भोकं पाडून तिने त्या शिवल्या. हात मात्र मुद्दाम लांब ठेवले आणि त्यांच्या टोकांना टिचबटणं लावली. मला पोराच्या गळ्यात घातलं की माझे दोन्ही हात त्याच्या मानेमागे कट्कन जुळायचे.

"मी नाय तवा हा," बायजी रूपेशला म्हणाली. "याचं नाव जिव्या. याला सोडू नको. हा तुला सोडायचा नाय."

मी सोडलं नाही, मित्रांनो. पुढचं ऐका.

आश्रमशाळेत रूपेशने मला पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवलं. सगळे झोपले की पेटी उघडायचा आणि मला गळ्यात घ्यायचा. टिचबटणाचा आवाज होऊ नये म्हणून त्यावर बोट दाबून धरायचा. मला फार कौतुक वाटायचं त्या बोटाचं. पण एकदा पोरांनी पेटी उघडली आणि मला शेपटीला धरून वर्गभर नाचवलं. "माकडवाला! माकडवाला!" असा एकच गलका झाला. रूपेशचं तोंड एवढंसं झालं. तो म्हणाला, "माझं नाय ते. लहान भावाचं आहे. चुकून आलं."

आता लहान भाऊ आणणार कुठून? पण वेळ मारून नेली त्याने. मीही मनात म्हटलं, जाऊ दे, लेकरू आहे, लाजतंय. मोठा झाला की लाज जाईल. किती खुळा मी! लाजसुद्धा माणसाबरोबर मोठी होते, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

रूपेश दहावी झाला, चिंचणीकडे कंपनीत काम करून आला, मिशी आली, आवाज जाड झाला. मी त्याच्या पेटीतून बॅगेत आणि बॅगेतून गादीखाली फिरत राहिलो. मग त्याने एक जुनी जीप घेतली आणि कासा ते पाडे अशी शिटं, म्हणजे प्रवासी, भरायला लागला. मला त्याने ड्रायव्हरच्या सीटखाली जागा दिली. रोज सकाळी गाडीत बसला की मला मांडीवर घ्यायचा, शेपटी बोटांत धरायचा आणि मग किल्ली फिरवायचा. खरं सांगतो, ते दिवस माझे सगळ्यात सुखाचे. कुणी बघत नव्हतं ना, म्हणून.

पण एके सकाळी बघितलं. सुरज नावाचा त्याचा दोस्त, तोही जीपवालाच, चहा घेऊन खिडकीशी आला आणि थेट मांडीवरच नजर. "अरे रूप्या! हे काय रे? बाळ झोपत नाय काय?"

रूपेश चटकन बोलला, "गप ए! नजरेसाठी आणलंय. गाडीच्या पुढं बांधायला."

आली का पंचाईत! बोलला तर खरं करायला नको? सुरज तिथून हलेना. शेवटी रूपेश खाली उतरला, डिकीतून तार काढली आणि माझे दोन्ही हात जीपच्या पुढच्या गार्डला करकचून बांधले. जे हात बायजीने त्याच्या गळ्यासाठी लांब शिवले होते, ते! माझ्या एका बाजूला फाटका काळा बूट, दुसऱ्या बाजूला लिंबू-मिरची. मला वाटलं, संध्याकाळी सोडवेल. संध्याकाळी सुरज आपली जीप स्टँडवर ठेवून रूपेशच्याच गाडीतून घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी होतं. आणि मग मी तिथलाच झालो.

मित्रांनो, चारोटीच्या नाक्यावरची धूळ तुम्ही खाल्ली आहे का? ट्रक जातो आणि पाठोपाठ तोंडावर मूठभर माती. ऊन तर सांगूच नका. माझा लाल रंग विटला, चिकूच्या बीचा एक डोळा घोळ गावच्या रस्त्यावर कुठेतरी पडला. पावसात अंगातला कापूस भिजून गोळा झाला. गाडी धुताना रूपेश माझ्यावरही पाणी मारायचा. पाणी मारताना माझ्याकडे बघायचा नाही.

तरी मी त्याला माफ केलं होतं. पण एक दिवस आला आणि सगळं मन कडू करून गेला.

जीप चारोटीला उभी होती, शिटांची वाट बघत. बायजी आठवड्याच्या बाजारातून आली होती आणि मागच्या सीटवर टोपली मांडीवर घेऊन बसली होती. पुढे येऊन बसली प्रगती, डहाणूला कॉलेजात जाणारी पोरगी. तिच्या बॅगेला एक टकलू ससा लटकत होता. एक कान अर्धा, पोट तीनदा शिवलेलं.

रूपेश हसला. "काय हे प्रगती? एवढी मोठी झालीस आणि ससा?"

"हां, मग?" ती म्हणाली. "लहानपणचा आहे माझा. परीक्षेलाही नेते मी. हसायचं तर हसा, दादा." आणि पुढच्या काचेतून माझ्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "ते माकड तुमचं लहानपणचं ना? हाताने शिवलेलं दिसतंय. कुणी शिवलं हो?"

इंजिन बंद होतं. मला एकेक शब्द ऐकू आला. मी म्हटलं, बोल रे, रूपेश. पोरीने दार उघडून दिलंय. मागे आई बसली आहे. नुसतं 'आयने' एवढं म्हण.

"छे छे," रूपेश म्हणाला. "कचऱ्यात मिळालं. फेकून दिलं होतं कुणीतरी."

पाड्यावर पोचल्यावर सगळी शिटं उतरली, तशी बायजीही उतरली. ती पुढे आली. टोपली खाली ठेवून तिने माझ्या तोंडावरची माती पदराने पुसली. रूपेश स्टेअरिंगवर मान घालून बसला होता. "बांधलास तं बांधलास," ती त्याला म्हणाली, "सावलीला तरी बांधायचास." एवढंच बोलली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागली. मला तेव्हा इतका राग आला, की तार तुटली असती तर मी तिच्या मागे धावलो असतो.

मागच्या पावसाळ्यानंतर बायजी तापाने गेली. तिची नेसायची लुगडी तिच्याबरोबर गेली, राहिलेली भावकीतल्या बायकांनी नेली. तिच्या अंगावरच्या कपड्यातलं रूपेशजवळ उरलं होतं ते फक्त मी. हे मला माहीत होतं आणि रूपेशलाही माहीत होतं. कसं, ते सांगतो. तिचं दिवसकार्य झाल्यावर तो स्टँडवर आला आणि लोकांकडे पाठ करून माझ्या शेजारी गार्डवर बसला. त्याने माझी शेपटी, लुगड्याचा तो काठ, दोन बोटांत धरला. मला वाटलं, आता सोडवतो मला. आता घरी नेतो. तेवढ्यात सुरज सांत्वनाला आला, तशी त्याने शेपटी सोडली आणि हेडलाइट पुसायला लागला.

मग रूपेशने नवी गाडी घेतली आणि जीप तलासरीच्या सुदामला विकली. सुदाम ती न्यायला कासा स्टँडवर आला. रूपेशने आपलं सगळं सामान काढून घेतलं. महालक्ष्मीचा फोटो काढला, स्पीकर काढले, सीटची कव्हरं काढली, तुटकी छत्रीसुद्धा घेतली. शेवटी पक्कड घेऊन तो माझ्यासमोर आला. पक्कड तारेला लागली. माझा जीव कापसात मावेना!

"अरे, ते माकड राहू दे की," सुदाम म्हणाला. "गाडीची नजर काढतंय ते. तू घरी नेऊन काय करणार? खेळणार?"

स्टँडवर हशा पिकला. आणि मित्रांनो, सगळ्यांत मोठ्याने हसला तो रूपेश. "मला काय करायचंय त्याचं? घेऊन जा," असं म्हणत त्याने पक्कड खिशात टाकली. जीप हायवेला लागली तेव्हा मी पुढे बांधलेला होतो. मला मागे वळून बघताही आलं नाही.

सुदामने मला थोडे दिवस ठेवलं. मग त्याने गुलाबी टेडी आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, आणि पंक्चर काढायला थांबला असताना मला तुक्याच्या दुकानात टाकून दिलं. मी माकडाचा फडका झालो.

आणि परवा रूपेश आला.

नवी गाडी दुकानासमोर थांबली. आत सुरज बसला होता, मागे चार शिटं होती. रूपेश उतरून तुक्याला म्हणाला, "सुदामच्या जुन्या जीपचं काय सामान पडलंय का हितं?"

"कसलं सामान?"

"असंच. काय पण." बोलता बोलता त्याची नजर ट्यूबांच्या ढिगावर आली आणि तिथेच थांबली. माझा राहिलेला एक डोळा त्याने ओळखला. कसा नाही ओळखणार?

"काय पायजे ते सांग ना," तुक्या म्हणाला.

रूपेशने एकदा गाडीकडे पाहिलं. सुरज काच खाली करून इकडेच बघत होता. "हात पुसायला काय आहे का रे?" रूपेश म्हणाला.

तुक्याने मला उचलून त्याच्याकडे फेकलं. रूपेशने दोन्ही हातांनी झेललं आणि हात पुसायला लागला. पुसत राहिला. माझ्या पोटावरून, पाठीवरून, शेपटीच्या काठावरून त्याचे तळवे फिरत होते. मित्रांनो, त्याच्या हाताला काही लागलेलंच नव्हतं. स्वच्छ हात होते. उलट माझंच ग्रीस त्याला लागलं.

"आण तो फडका," तुक्याने हात पुढे केला. "मला लागतो."

मी वाट बघितली. 'माझा आहे' म्हण. तेवढं जमत नसेल तर 'हा फडका मला दे' म्हण. फडका म्हणून मागितलं असतंस तरी आलो असतो रे तुझ्याबरोबर.

"चल रे, शिटं खोळंबली!" सुरज ओरडला. रूपेशने मला तुक्याच्या हातात दिलं आणि काळे झालेले हात तसेच घेऊन तो गाडीत बसला.

मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण आता मोठे झाले आहेत. तरी कुणाच्या उशीखाली, कुणाच्या कपाटात कपड्यांमागे माझ्यासारखं कुणीतरी असणारच. त्याला धुवा, उसवलं तर टाका घाला. पण त्याच्याही आधी एक करा. 'हे कुणाचं?' असं कुणी चारचौघांत विचारलं, तर खरं सांगा. लोक हसतील, हसू देत, हसून हसून किती हसतील? आमचा डोळा पडला, कापूस गेला, तरी आम्ही निभावून नेतो. 'कचऱ्यात मिळालं' हे मात्र कुठल्याही सुईने शिवलं जात नाही. मला शिवणारी तर ते ऐकून गेली.

बस झालं आता. तुक्याने टायर उतरवलाय, हात काळे झालेत त्याचे. मलाच शोधतोय.