सासूबाईंचा अनुग्रह

महाराजांच्या रेशमी सोवळ्याची कड धरून आमची नेहा उभी राहिली. नऊ महिन्यांची पोर, आयुष्यात पहिल्यांदाच. माझ्या तोंडून "अगं बाई, उभी राहिली" निघून गेलं आणि तेवढ्यात तिनं उभ्या उभ्याच शू केली. सोवळ्यावर.

आमच्या घरी पाद्यपूजेला जमलेल्या वीसेक बायकांनी तोंडाला पदर लावले. मी आणि माझा नवरा विठू जोडीनं पूजेला बसलो होतो. नेहा सासूबाईंच्या मांडीवरून कधी निसटली, कळलंच नाही.

"उचला हिला," महाराज पाय आखडून घेत म्हणाले. "सोवळं विटाळलं. पुन्हा अंघोळ आली."

मठाचे व्यवस्थापक काशीनाथभाऊ लगेच सासूबाईंकडे वळले. "दुर्गाताई, पाणी काढा. बोअरचं नको हां, महाराजांना खारं चालत नाही."

गोडं पाणी आमच्याकडे तिसऱ्या दिवशी यायचं. ड्रममध्ये होतं ते उद्या संध्याकाळपर्यंत पुरवायचं होतं, त्यात नेहाचं दूध, तिची अंघोळ. पण सासूबाईंनी लगेच ड्रमचं झाकण काढलं. बादली भरून मोरीत ठेवली. आतून आवाज आला, "अजून." दुसरी दिली. "अजून." चौथ्या बादलीला ड्रम तिरका करून त्या तांब्यानं तळ खरवडत होत्या. सोवळं भिजलं होतं बोटभर.

मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आज माझा दिस हाय."

त्यांचा दिवस होता, खरंच. पंचवीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर त्या रत्नागिरीहून विठूला घेऊन भाईंदरला आल्या. बेव्हर्ली पार्कमधल्या पाच घरी पोळ्या लाटून त्याला शिकवलं. गेली अकरा वर्षं दर गुरुवारी इंद्रलोक वसाहतीतल्या मठात झाडलोट त्यांचीच. सगळं एका अनुग्रहासाठी. गुरूनं एकदा कानात नाम सांगावं, बस. "नाव कानात पडलं की मी सुटले," म्हणायच्या. दरवर्षी काशीनाथभाऊ पुढच्या वर्षाचं सांगायचे. यंदा महाराजांनी होकार दिला होता. सकाळी त्यांनी न्हाताना कानामागे इतकं चोळलं होतं, की कातडी लाल झाली होती.

महाराज दुसरं सोवळं नेसून आले. काशीनाथभाऊ पंख्यानं वारा घालायला लागले. त्यांच्या खिशात मोबाइलवर आरती वाजली, ती त्यांनी दाबून बंद केली. मग महाराज बोलले. नम्रतेवर.

"मीपणा सोडा. मी कोण? मी धूळ आहे, धूळ. भक्तांच्या पायाखालची."

बायकांनी माना डोलावल्या. मी मोरीच्या उंबऱ्यावर पालथ्या पडलेल्या बादलीकडे बघत होते. धुळीला चार बादल्या गोडं पाणी लागलं होतं.

सासूबाई डोक्यावर पदर घेऊन समोर बसल्या. भाजल्याच्या डागांनी भरलेले हात जोडले. महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आधी प्रायश्चित्त," ते म्हणाले. "त्या पोरीचं नाक घासा इथं, पायापाशी. आईनंच घासायचं. मग अनुग्रह."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. विठू कानाशी कुजबुजला, "घास ना गं. दोन सेकंदांचं काम. आईची अकरा वर्षं आहेत."

मी उठले. लपवत नाही, उठले. अंगाची लाही होत होती, पण ती लाल झालेली कानामागची कातडी मला दिसत होती. नेहाला घेऊन मी गुडघ्यांवर बसले. तिला वाटलं खेळ आहे. ती महाराजांच्या अंगठ्याला हात लावायला झेपावली.

"दे हिकडं," सासूबाई म्हणाल्या.

काशीनाथभाऊ खूश झाले. "आजी करतेय, आजी. चालेल ना, महाराज?"

सासूबाईंनी नेहाला घेतलं आणि खांद्यावर टाकलं. "पोर हाय ती, म्हाराज. तिला कसला इटाळ?"

"म्हणजे तुम्ही मला शिकवणार?"

"न्हाय. नाक तेवढं घासनार न्हाय."

"मग आज नाही. पुन्हा कधीच नाही."

सासूबाईंचा हात कानामागे गेला. मला वाटलं, आता मोडतील.

"बरं," त्या म्हणाल्या. "पन जेवून जावा. पोळ्या गार व्हत्यात."

महाराज ताडकन उठले. धूळ रागानं थरथरत होती. मागोमाग बायका उठल्या, कालपर्यंत सासूबाईंकडून मठाची भांडी घासून घेणाऱ्या. काशीनाथभाऊ दारात थांबून म्हणाले, "अकरा वर्षांचं पुण्य घालवलंत, दुर्गाताई."

"माझंच व्हतं ना?"

विठू महाराजांच्या चपला घेऊन खाली धावला. जाताना आईला म्हणाला, "काय केलंस हे. लोकांना तोंड कसं दाखवू?" त्या ताटांवर ताटं झाकत राहिल्या. मला महाराजांपेक्षा विठूचा राग आला, आणि त्याहून माझ्या गुडघ्यांचा.

थोड्या वेळानं शेजारच्या हंसाबेन आल्या. कमरेवर गोड्या पाण्याची कळशी. त्यांचाही ड्रम एकच.

"सब सुना मैंने, दुर्गाबेन," त्या म्हणाल्या. "पहले बेबी को नहलाओ. बाकी सब बाद में."

"तुम्हारे घर में?"

"अरे, चलेगा. आदमी लोग आज बिना नहाए सो जाएंगे तो मरेंगे नहीं."

सासूबाई हसल्या. त्या दिवसातलं पहिलं हसू. मोरीत लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवून, पाय लांब करून बसल्या आणि नेहाला पायांवर पालथं घेतलं. मी कळशीतलं पाणी तांब्यानं हळूहळू ओतत गेले. नेहाच्या पाठीवरून ते सासूबाईंच्या पोटऱ्यांवर उतरलं, भेगाळलेल्या टाचांवरून मोरीत गेलं.

"जपून वत," त्या म्हणाल्या. "विठू वर येईल. त्याला पाय धुवायला ठेव."