किल्ली वाजली नाही

किल्ली आतून लावलेली होती. कुलपात सळई घातली तेव्हाच माझ्या हाताला ते कळलं. चाळीस वर्षं कुलपं उघडतोय, एवढं न कळायला मी काय दूधखुळा नाही. आत किल्ली म्हणजे आत माणूस.

मी मागे वळून पाहिलं. तो हातात सफरचंदांची पिशवी घेऊन उभा होता. स्वच्छ शर्ट, तोंडात सारखं काका काका. किल्ली हरवली म्हणून दुकानात मला बोलवायला आला, लग्नाचा फोटोसुद्धा आपणहून दाखवला. आता मी भुवई उडवली तर ओठांवर बोट ठेवून हसला. बायको झोपलीय, कानाशी कुजबुजला, जरा रुसलीय. आणि खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. माझी बायको जाऊन अठरा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या घरात आतून किल्ली लावणारं कोणी उरलं नाही. म्हटलं, उघडून देऊ, दोघं हसतील, आपल्यालाही चहा विचारतील.

सळईने किल्ली मागे ढकलली. फरशीवर पडलेली किल्ली वाजते. ही वाजली नाही. पायपुसणं असेल, म्हटलं, आणि कुलूप उघडून दिलं.

पिशवी दाराबाहेर ठेवून तो आत गेला. दार जड गेलं असावं, खांद्याने रेटलं त्याने. मी जिन्यात बसून हत्यारं भरत होतो. आधी काहीतरी फुटलं, मग बाईचा आवाज आला, नको नको असा. दार उघडलं आणि तिचा हात बाहेर आला. तिने चौकट घट्ट धरली होती. त्याने दार आपटलं. बोटं मोडल्याचा आवाज मला चार पायऱ्या खाली ऐकू आला. दार नीट बसलं नाही म्हणून पुन्हा लावावं, तसं त्याने ते पुन्हा आपटलं.

मी मुळातच तापट माणूस. हातोडा घेऊनच वर गेलो, दार ढकलून त्याला बाहेर ओढलं. पहिला घाव त्याच्या कोपरावर घातला, दुसरा गुडघ्यावर. तो जिन्यात कोसळला, सफरचंदं खालच्या मजल्यापर्यंत घरंगळत गेली. पडल्यावर मी त्याला तिसरा घाव घातला. त्याची गरज नव्हती. तो मी माझ्या स्वतःवरच्या रागाने घातला. तिच्या हाताचं रक्त चौकटीवरून खाली उतरत होतं आणि शेजारच्या दारांच्या कड्या एकेक करून आतून लागत होत्या.

त्याला तुरुंगात टाकलं. मला समज देऊन सोडलं. ज्यांनी कड्या लावल्या तेच नंतर म्हणाले, देवासारखे धावून आलात हो. मी मान डोलावली. लाज वाटली, पण डोलावली.

दोन महिन्यांनी ती दुकानात आली. शिवणकाम करून पोट भरणारी बाई, आणि उजव्या हाताची तीन बोटं वाकडी. बस म्हटलं तरी बसली नाही.

"काका, आत कोणीतरी आहे हे तुम्हाला कळलं होतं?"

नाही म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? ती माझ्या हातांकडे बघत होती.

"मी दाराला टेकून बसले होते," ती म्हणाली. "किल्ली माझ्या मांडीत पडली. तोच आहे म्हणून मी श्वाससुद्धा घेतला नाही."

"कळलं होतं," मी म्हणालो. "कळूनही उघडलं."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो पुढच्या महिन्यात सुटतोय, एवढंच म्हणाली. बाकी सगळे म्हणतात काही होत नाही, घाबरू नकोस. तुम्ही खरं बोललात, तर अडसर तुम्हीच बसवा.

मी दिवसभर खपलो. भिंतीत दोन्हीकडे हातभर खोल खोबण्या खोदल्या आणि मनगटाएवढा लोखंडी दांडा आडवा बसवला. निघालो तर तिने मला बाहेर उभं केलं आणि आतून दार लावलं.

"आता उघडून दाखवा."

नाही उघडणार, मी सांगतो ना, म्हटलं. सांगणं नको, म्हणाली. मग मी सळया चालवल्या, पहार लावली, खांदा दिला.

"हळू नका मारू," आतून आवाज आला. "तो हळू मारायचा नाही."

मग मीही लाथा घातल्या. हातोड्याने घाव घातले, जीव खाऊन. गिलावा माझ्या डोक्यावर पडला, खांदा सुजला, शेजारच्या कड्या पुन्हा लागल्या. दार जागचं हललं नाही. शेवटी धाप लागून मी पायरीवर बसलो.

 आत शिवणाचं मशीन सुरू झालं. चार टाके गेले आणि थांबलं. वाकड्या बोटांत कापड धरवत नसणार. पुन्हा चार टाके गेले, पुन्हा थांबलं, मग जरा जास्त वेळ चाललं.

मी हत्यारं एकेक करून, न वाजवता पिशवीत ठेवली.