पाण्याची टोपली

सेवालाल कॅनडाहून आला त्या दिवसापासून गजेंद्रच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला ना ओवा लागू पडला ना सोडा.

किन्हीराजाच्या शिवारात गजेंद्रचा सहा एकरांचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, कोथिंबीर. माल सरळ मालेगावच्या बाजारात. आणि सेवालाल कोण? तर त्याच मळ्यात रोजानं खपणाऱ्या सोमला आणि नानीबाईचा, तांड्यावरचा पोरगा. शाळेत दोघं एका बाकावर बसायचे आणि डबा एकच असायचा, गजेंद्रचा. ही गोष्ट गजेंद्रनं आठ दिवसांत चहाच्या टपरीवर निदान चौदा वेळा सांगितली. लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, "ते ठीक हाय, पन आता थो करते काय?"

इथंच तर खरी पंचाईत होती. सेवालाल काय करतो हे सांगायचं म्हणजे आपल्याच तोंडानं त्याची टिमकी वाजवायची! कॅनडात गेल्यावर त्यानं आधी हॉटेलात भांडी घासली. मग बर्फात उभं राहून इंटरनेटच्या केबली ओढल्या. केबल टाकणाऱ्याच एका लहानशा कंपनीत पगारातून हिस्सा घेतला, आणि तो हिस्सा फळला. आता म्हणे डेटा सेंटरांत, टॉवरांत, सोलरच्या प्लांटांत पैसा लावतो. स्वतःचा लावतो आणि तिकडच्या गोऱ्यांचाही. "भांडे घासत होता थो," एवढं गजेंद्र ठासून सांगायचा आणि पुढचं चहाबरोबर गिळायचा.

ग्रामपंचायतीत सत्कार झाला. गेलो नाही तर लोक म्हणतील जळतो, म्हणून गजेंद्र गेला आणि मागच्या खुर्चीत बसला. सेवालाल बोलायला उभा राहिला.

"मी काई मोठं शिकलो नाई. लहानपनी बापूरावकाकाच्या पाइपलाइनीचे वॉल्व फिरवत होतो. काका म्हनत, पीक कोनाचंबी बुडो, पान्याचा रस्ता ज्याचा, त्याचं घर चालते. मी तेच केलं. रस्ते घेतले. पान्याचे नाई, करंटचे अन् इंटरनेटचे."

टाळ्या कडाडल्या आणि गजेंद्रच्या अंगाचा भडका उडाला. बापूराव म्हणजे त्याचा सख्खा बाप! अक्कल आपल्या घरची आणि हार त्याच्या गळ्यात. तीस वर्षं ते वाक्य गजेंद्रच्याही कानांवर पडत होतं, पण त्याला ते म्हाताऱ्याचं पुराण वाटायचं.

बापूरावांनी आपल्या विहिरीचं पाणी पाइपानं आठ घरांच्या वावरात पोचवलं होतं. त्या आठ घरांचा एक रिवाज होता. हंगामातल्या भाजीचा पहिला तोडा टोपलीत भरायचा आणि डोक्यावर घेऊन पाणीवाल्याच्या दारात जायचं. घरधन्यानं आपल्या हातानं टोपली उतरून घेतली की नातं पक्कं. नाही घेतली, तर तुटलं. मग त्यावर कोणी चकार शब्द काढायचा नाही. बाप गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात गजेंद्रनं ते पाइप उपसून काढले. आपल्या पाण्यावर दुसऱ्याची वांगी तुकतुकीत दिसतात, हे त्याला बघवत नव्हतं. दारात टोपल्या यायच्या थांबल्या, त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सेवालाल दारात आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, मनगटावर भारी घड्याळ आणि डोक्यावर वांग्यांची टोपली.

"गजूभाऊ, मायच्या नावानं घेतलेल्या वावरातला पह्यला तोडा हाय. उतरून घे. वरच्या पडीक बरडावर सोलर प्लांट टाकून राह्यलो. मोटारींले दिवसा लाइन भेटन. तार तुह्या वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून न्यायची म्हनतो. पन आधी टोपली घे, मंग बसून बोलू."

गजेंद्रची बायको अंजू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिचा चेहरा उजळला. रात्रीच येणाऱ्या विजेवर मळ्याचं ओलित करून करून नवऱ्याची कंबर गेली होती, हे तिच्याइतकं कोणाला माहीत?

पण गजेंद्रला टोपली दिसलीच नाही. त्याला दिसलं ते घड्याळ. एवढा मोठा माणूस रोजदारासारखा डोक्यावर टोपली घेऊन येतो, म्हणजे हा आपल्याला हिणवायलाच आला, असं त्यानं धरलं.

"आमच्या घरी वांगे पिकत नाई का? कायले नाटक करून राह्यला? ने वापस. तारबी माह्या धुऱ्यावरून जानार नाई."

"पाह्य बरं, गजूभाऊ. टोपली दोनदा आनत नसते."

"नको आनू!"

सेवालाल टोपली तशीच डोक्यावर घेऊन परत फिरला. गजेंद्रला त्या दिवशी जेवण फार गोड लागलं. अंजूनं मात्र भाकरी ताटात आदळली आणि दुसरी हवी का, हे विचारलं नाही.

तार नाल्यापलीकडच्या जगदेवच्या धुऱ्यावरून गेली. वर्षाच्या आत त्याच्या बाजूच्या मोटारी भर उन्हात चालायला लागल्या. गजेंद्र अजून बॅटरी घेऊन रात्रीच ओलित करत होता. एक दिवस त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं धुऱ्यावर जगदेवला गाठलं.

"मजा हाय तुही. प्लांटात हिस्साबी देला असन त्यानं?"

"धुऱ्याचं भाडं भेटते. हिस्सा मले कसा भेटन? थो तुह्या घरचा होता."

"माह्या घरचा?"

"तुले मालूम नाई? बापूरावच्या नावाचा हिस्सा ठेवला होता त्यानं. तू टोपली उतरून घेतली असती तं त्याच दिवशी कागद होनार होता. मले म्हने, त्यायचं हाय, तुले देता येत नाई."

"मंग थो हिस्सा आता कोनाकडं हाय?"

"कोनाकडंच नाई. त्यातून नानीबाईच्या वावरात विहीर खंदून आठ घराइले नवी पाइपलाइन टाकून देली. पाहून नाई राह्यला?"

तो पाहत होता. रोज पाहत होता.

हंगामाचा पहिला तोडा निघाला. गजेंद्र ओसरीवर बसला होता. त्याच्या दारावरून एकामागून एक टोपल्या तांड्याकडं, नानीबाईच्या घरी चालल्या. आठही टोपल्या एकेकाळी याच दारात उतरायच्या. त्याला मान वर करवेना, आणि बघितल्याशिवायही राहवेना. शेवटची टोपली जगदेवच्या डोक्यावर होती.

"कसे हायत वं त्याचे वांगे?" त्यानं दारात उभ्या असलेल्या अंजूला विचारलं.

अंजूनं नजर टोपलीवरून काढली नाही.

"मामंजीच्या पान्यावर पिकत होते ना, तसेच हायत."