आजीच्या विहिरीचा चौथा नमुना

मी सतरा नंबरचा बोअर बोलतोय. हसू नका, तुमच्यापेक्षा खोल आहे मी.

आमच्या कझाक माळावर युरेनियम काढायला कुणी खाण खणली नाही. जमिनीत आम्ल सोडलं, ते युरेनियम विरघळवून वर आलं. युरेनियम गेलं, खाली राहिलं आंबट, विषारी पाणी. मग कंपनी आठ वर्षं ते उपसतेय, धुतेय, परत खाली सोडतेय. आपणच सांडायचं, आपणच पुसायचं.

माझं काम चुगलीचं. पाणी निवळलं का, ते मी सांगायचं. माझे चार नमुने ओळीनं पास झाले, तरच माळावरच राहणाऱ्या रायखान आजीची बंद केलेली विहीर उघडणार होती. तोवर आजी टँकरच्या पाण्याचा चहा प्यायची आणि घोटागणिक कंपनीचा उद्धार करायची.

तीन नमुने पास झाले. चौथा न्यायला कंपनीचा ओर्दाबेक आला. भला माणूस, पण भिडस्त. माझ्या पोटातलं गंजकट, शिळं पाणी आधी दोन तास उपसायचं, मग बाटली भरायची, हा नियम. तेवढ्यात आजीनं हाक मारली, चहा ओतलाय. आमच्याकडे म्हातारीचा चहा निवू देणं म्हणजे तिच्या तोंडावर दार आपटणं. गड्यानं शिळंच पाणी भरलं नि पळाला. फजिती बघायला मला फार आवडतं.

निकाल आला: लोह जास्त, नापास. आजीनं त्याला समोर बसवून सगळं काढून घेतलं.

"म्हणजे माझ्याच चहानं माझी विहीर बुडवली म्हण की."

"चूक माझी, आजी. साहेबांना सांगितलंय मी. फेरनमुना घे म्हणालेत."

आजीनं त्याची चहाची वाटी काठोकाठ भरली. ओर्दाबेकचा चेहरा पडला. मानाच्या पाहुण्याला आम्ही अर्धीच वाटी ओततो. भरलेली वाटी म्हणजे ऊठ आता.

"पी आणि पंप लाव," आजी म्हणाली. "दोन तासांच्या आत इकडे फिरकलास तर कुत्रं सोडीन."

फेरनमुना पास झाला. विहीर उघडली, पहिल्या बादलीचा चहा झाला, दूध घातलं, फाटलं नाही. आजी पहिली वाटी घेऊन थेट माझ्याकडे आली. ओर्दाबेकला टोपण काढायला लावलं आणि ओतली माझ्या घशात. तो "आजी, नमुना बिघडेल" म्हणेपर्यंत मी पिऊन मोकळा.

विहीर उघडली तरी माझी तपासणी अजून चालू आहे. तेव्हा प्रयोगशाळेला एकच विनंती: माझ्या पाण्यात दूध सापडलं तर घाबरू नका. चौकशीला आजीकडे जरूर या, फक्त येताना जेवून येऊ नका. ती जेवू घातल्याशिवाय सोडायची नाही.