बादलची ओली गोधडी

जीपचं कूलंट कुणीतरी काढून टाकत होतं, आणि ते माझी सासूच काढते, असं मला वाटायला लागलं होतं.

संध्याकाळी मी हिरवं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, खुणेपर्यंत भरायची, शेतरस्त्यानं एक चक्कर मारून यायची. सकाळी बघावं तर पातळी खाली. जीपखाली वाकून पाहिलं, तर माती कोरडी ठणठणीत. एरंडोलहून मगनभाऊ मेकॅनिक येऊन गेले. त्यांनी पाईप दाबून पाहिले, पंपाखाली बोट फिरवलं, ऑइलची कांडी काढून उजेडात धरली.

"ऑइलमध्ये पाणी नाही, धूरही पांढरा नाही. इंजिन पीत नाहीये, वहिनी. घरात कुणाला फार तहान लागते का?" ते हसले. मी नाही हसले.

सोमवारी मला पारोळ्याच्या शाळेत रुजू व्हायचं होतं. बादल अजून अंगावर पितो, म्हणून त्याला बरोबर न्यायचं, शाळेजवळ मावशीकडे ठेवायचं, असं ठरलेलं. आमच्या मळ्यापर्यंत एसटी येत नाही. माझा नवरा भूपेंद्र धुळ्याला नोकरीवर. फोनवर म्हणाला, "गाडी तापली तर बाळाला घेऊन उन्हात उभी राहशील. विकून टाकू. नोकरीचं पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष कसं असतं, ते मला माहीत होतं.

आई, म्हणजे सासूबाई, एवढंच म्हणायच्या, "आते नको जाऊ वं. पोऱ्या लहान शे."

शनिवारी पहाटे बादलला पाजत खिडकीशी बसले होते, तर आई जीपचं डावं दार उघडून आत वाकलेल्या. पदराखाली काहीतरी घेऊन, इकडंतिकडं बघत गोठ्यामागे गेल्या. बादलच्या मुठीतून हळूच बोट सोडवलं आणि मागोमाग गेले.

दगडावर बादलची गोधडी पसरलेली. जीप शेडमध्ये असली की तो दुपारभर तिच्यातच खेळतो, म्हणून डाव्या सीटच्या पायाशी ती अंथरलेलीच असते. ओल्या डागाला कडेनं मुंग्या लागल्या होत्या. आई त्याच निरखत होत्या.

"आई, जीपचं पाणी तुम्ही काढता ना रोज?"

"पाणी? मी? येडी व्हयनी का!" आईंचा आवाज फाटला. "ह्या मुंग्या दख. पोऱ्या मुतस तठे रोज लागतस. तुन्हा सासराले बी पहिले असंच व्हतं. साखर शे पोऱ्याले, साखर! आन् तू त्याले ली चालनी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लगेच डाक्टरकडे पयत जाशी. डाक्टर व्हय म्हनी, त मी काय करू?"

गोधडी उचलून नाकाशी धरली. बाळाच्या मुताचा वास मी झोपेतही ओळखते. हा तो नव्हता. गोडसर होता, आणि कापडाला हिरवट झाक होती.

जीपकडे गेले आणि डाव्या सीटच्या पायाशी असलेली रबरी चटई उचलली. खाली चिंब. डॅशबोर्डखाली एक काळा डबा आहे, त्याला आम्ही पंख्याचा डबा समजत होतो. त्याला इंजिनकडून दोन पाईप आलेले. खालच्या कोपऱ्याला बोट लावलं, ते हिरवं झालं.

मगनभाऊ फोनवर ओरडलेच. "हीटर! जीप थंडीच्या मुलखातून, हिमाचलातून आणलेली ना तुमची? त्यातून इंजिनचंच पाणी फिरतं. आपल्या उन्हात हीटरकडे कोण बघतं हो! येतो. दोन्ही पाईप एकमेकांना जोडून देतो, डबा बाद."

आईंना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. "गाडीनं पाणी गोड ऱ्हास?"

"गोड असतं. आणि विषारी." बोलून गेले, आणि माझंच मला ऐकू आलं.

दोघी घरात धावलो. बादल झोपलेला. मी त्याचं एकेक बोट हुंगलं. दुधाचा वास होता. तरी आई म्हणाल्या, "चाल डाक्टरकडे." मगनभाऊंनी पाईप जोडल्याबरोबर निघालो. इंजिनच्या तापमानाचा काटा एकदाही वर चढला नाही. डॉक्टरांनी रक्त, लघवी, सगळं तपासलं. विष नाही, साखर नाही. आईंनी त्यांना पुन्हा बघायला लावलं.

सोमवारी मी जीप काढली, तर आई पिशवी घेऊन डाव्या सीटवर बसलेल्या.

"तुम्ही कुठं?"

"पारोळ्याले." बादलला मांडीवर घेत त्या म्हणाल्या, "तुन्ही मावशीवर मन्हा भरोसा नही."