पुढे न ढकललेली तारीख

ताईने चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला आणि पडद्यावरची ती ओळ परत वाचली. वस्तीची पाणीयोजना : बंद. कालपर्यंत तिथे 'चालू' होतं. चष्म्यात काही खोट नव्हती.

ताई जिथे काम करायची त्या बांधकाम कंपनीची अकरा कामं एकाच वेळी चालत. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांचं सामान एकाच साठ्यात घातलं गेलं. पाईप असोत की सिमेंट, कुणाला आधी द्यायचं ते संगणक ठरवणार, आणि तो एकच गोष्ट बघणार : काम कोणत्या तारखेला सुरू होतंय. ज्याची तारीख जवळची, त्याला सामान आधी. ऐकायला किती छान! महिनाभरात जो तो खोट्या तारखा टाकायला लागला. मोठ्या गृहसंकुलाचं नियोजन बघणाऱ्याला तर ऑफिसात घाईसाहेब म्हणत, कारण त्याचं प्रत्येक काम उद्याच सुरू व्हायचं असे. पायाही खणलेला नसताना या गड्याने दारांच्या कड्या उचलल्या होत्या.

ही पद्धत सगळ्यांना शिकवली ताईनेच. "तारीख खरी टाका," हे ती घसा कोरडा पडेपर्यंत सांगे. लोक माना डोलवत आणि जागेवर जाऊन हवं तेच करत. ऐकणारा एकच निघाला, तिचा धाकटा भाऊ. तो पाणीयोजनेवर देखरेखीला होता, आणि ताईने सांगितलं म्हणजे त्याच्यासाठी विषय संपला. त्याचे पाईप तीनदा साठ्यात आले आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच कुणी पळवले. वस्तीतल्या लोकांनी चर स्वतः खणून दिले होते. आठ महिने तो त्या कोरड्या चरांच्या काठाने फिरत होता.

"लोक आता विचारतही नाहीत गं," तो एकदा फोनवर म्हणाला होता. "नुसते बघतात."

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, तिने त्याच्या योजनेची तारीख बदलली. येत्या एक तारखेला काम सुरू! मेली लाज वाटली, पण पाव तासात पाईप त्याच्या नावावर पडले. तिने हे कुणाला सांगितलं नाही. त्याला तर नाहीच.

पुढे ट्रक मिळायलाच तीन आठवडे गेले. परवा तो एकदाचा गोदामातून निघाला, आणि आज ही ओळ.

ती उठून घाईसाहेबाच्या टेबलाशी गेली.

"माझी पाणीयोजना बंद कशी झाली?"

"तारीख कधीची होती?"

"एक."

"आज सतरा. पंधरा दिवसांत काम सुरू नाही, तर योजना आपोआप बंद. सामान परत साठ्यात." त्याने आवाज खाली आणला. "तारीख टाकलीत आणि विसरलात? अहो ताई, ती दर आठवड्याला पुढे ढकलायची असते! सगळ्यांना माहीत आहे हे."

तिलाही या नियमाचं पत्रक आलं होतं. पण खरी तारीख टाकणाऱ्यांना कसली भीती, असं म्हणून तिने ते बाजूला ठेवलं होतं.

ती तशीच मोठ्या साहेबांकडे गेली. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. तेव्हाच ती काय ते समजली.

"पुढच्या वर्षीच्या यादीत बघू," ते म्हणाले. "पाईप संकुलाच्या नावावर गेलेत, आता हात लावता येणार नाही. आणि तिथली देखरेखीची माणसंही महिनाअखेर मोकळी करावी लागतील. तुमचं कुणी ओळखीचं आहे का तिथे?"

"आहे," ताई म्हणाली.

ती जागेवर येते न येते तोच फोन वाजला.

"ताई! आला गं ट्रक!" धाकटा ओरडतच होता. "अख्खी वस्ती जमलीये उतरवायला. एक म्हातारी तर पाईपाला कान लावून बसलीये, पाणी येतंय का म्हणून! ऐक, ऐक."

त्याने फोन ट्रककडे धरला असावा. लोखंड दगडावर ठणकलं, माणसं हसली. ताईसमोर पडद्यावर त्याच ट्रकचा नंबर होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'परत : गृहसंकुल'.

"ऐकलंस? आणि ताई," त्याचा आवाज एकदम हळू झाला, "मधे माझा धीर सुटला होता. सगळे म्हणत होते, टाक खोटी तारीख. पण तू म्हणाली होतीस ना. नाही टाकली मी. बघ, आलेच की नाही!"

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"किती उतरवले?"

"चार. पाचवा हातात आहे. का गं?"

"ते चार परत चढवा, बाळा."

पण तो तिकडे कुणाला तरी, सावकाश, सावकाश, म्हणून सांगत होता. त्याला ऐकूच गेलं नव्हतं. पाचवा पाईप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हां, बोल ताई," तो म्हणाला. "काय म्हणालीस?"